चाक बदललं, तरी गाडी तीच?

‘मिलिंदपञ्ह’ ग्रंथात भिक्खू नागसेन राजाला विचारतात, की चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. हाच प्रश्न आज बुलेटला विचारू.

१९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली. पुढे इंग्लंडमधली मूळ कंपनी मिटली, पण इकडे बुलेट बनतच राहिली. रूप फारसं बदललं नाही, त्यामुळे कुठल्याही सालचं चाक कुठल्याही बुलेटला बसतं असा समज झाला. आता बघा, १९ इंची रिम दिसते सारखीच. पण पुढचा ब्रेक-ड्रम कुठे ६ इंची, तर कुठे ७ इंची. ड्रमबरोबर ब्रेक-प्लेटही बदलते, आणि ती फोर्कला पक्की अडकावीच लागते. नाहीतर ब्रेक दाबला, की प्लेटही चाकाबरोबर फिरू लागते. इथे तत्त्वज्ञान संपतं आणि हाडं मोडतात!

नीट बसवलं तर चाक बदलण्यात गैर काहीच नाही. गाड्या अशाच जगल्या. माझं मागणं एवढंच, की कुठल्या सालचं चाक घातलं ते लिहून ठेवा. नाहीतर उद्याचा अभ्यासक १९८० चं चाक १९५६ चा पुरावा समजून बसेल.