काळी माती आणि रोगजंतू

सोलापूरकरांस काळ्या मातीची ओळख करून देण्याचा आमचा विचार नाही. भीमा-सीनेच्या काठची ही जमीन पावसाळ्यात पायाला चिकटते, उन्हाळ्यात खोल भेगाळते आणि पाऊस सरल्यावर नुसत्या ओलीवर मंगळवेढ्याची मालदांडी पिकवते. ज्या गुणामुळे ती ओल धरते, त्याच गुणाचा उपयोग आज रोगजंतूंविरुद्ध होऊ पाहत आहे.

मातीचा औषधोपचार फार जुना. ग्रीसमधील लेम्नॉस बेटाची माती शिक्का मारून औषध म्हणून विकली जाई. आपल्या वैद्यांनीही गेरूला औषधांत स्थान दिले. परंतु १८८४ साली जर्मनीत निकोलायर याने साधी माती जनावरांच्या कातडीखाली घातली, तेव्हा त्यांना धनुर्वात झाला. पाच वर्षांनी जपानी शास्त्रज्ञ कितासातो याने तो जंतू वेगळा काढला. बाळाच्या नाळेला माती, राख वा शेण लावण्याच्या चालीने किती घरांतले पाळणे रिकामे झाले, याची मोजदाद कोण ठेवणार? माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निवारण झाल्याचे प्रमाणपत्र भारताला मिळाले ते २०१५ साली!

तेव्हा माती तारक की मारक? पटकीचे भय पंढरीच्या वाटेने आपल्या जिल्ह्याला चांगलेच ठाऊक होते. त्या पटकीवर १९०६ च्या सुमारास जर्मन वैद्य श्टुम्पफ यांनी पांढरी चिनी माती पाण्यातून पाजण्याचा उपाय पुढे मांडला. मातीचे बारीक कण आतड्यातील विष आपल्या अंगाला चिकटवून घेतात, अशी त्यामागची कल्पना. पटकीवर खरी मात केली ती शुद्ध पाण्याने आणि शिरेतून दिलेल्या क्षारजलाने, हे खरे. पण चिकटवून घेण्याची ती कल्पना टिकली.

खरा उलगडा १९३० नंतर, क्ष-किरणांनी मातीची घडण दिसू लागल्यावर झाला. आपल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज भरपूर असते. भाकरीच्या पापुद्र्यासारखे त्याचे थर असून एकेक थर सुमारे एक नॅनोमीटर, म्हणजे मीटरचा अब्जावा भाग, इतका पातळ असतो. एका जंतूच्या लांबीत असे हजारभर थर सहज मावतील. थरांवर ऋण विद्युत्भार असल्याने मधल्या फटीत पाण्याबरोबर धातूंचे धनभारित कणही अडकून राहतात.

२००८ च्या सुमारास अमेरिकेत हेडेल व विल्यम्स या विदुषींनी दोन फ्रेंच हिरव्या माती तपासल्या. दिसायला दोन्ही सारख्या. पण एकीने अनेक घातक जंतू मारले, तर दुसरीत जंतू उलट फोफावले! पुढील संशोधनात असे दिसले, की मारण्याचे काम मातीतून पाण्यात उतरणारे लोह व ॲल्युमिनियम करतात. नुसती माती म्हणजे रिकामे कोठार. आत काय साठवले, यावर सारे अवलंबून.

म्हणून आता शुद्ध केलेल्या मातीच्या थरांत चांदी, तांबे वा जस्त भरतात. धातू हळूहळू बाहेर येतो आणि जंतूंना गाठतो. औषधांना न जुमानणारे जंतू वाढत असताना या उपायाकडे लक्ष जाणे साहजिकच आहे. शेतातली कच्ची माती जखमेवर लावण्याशी याचा काडीचाही संबंध नाही, हे मात्र आम्ही आवर्जून सांगतो. शिवाय चांदी जास्त झाली, तर जंतूंबरोबर आपल्या पेशींनाही बाधते. ती किती भरावी आणि किती वेगाने सुटावी, याचे माप प्रयोगशाळांतून अजून बसवले जात आहे.