म्यून्स्टरचा धर्माध्यक्ष आणि जिण्याचें मोल

१९४१ सालच्या ऑगस्टची ३ तारीख. दिवस रविवारचा. जर्मनीच्या वायव्येकडील म्यून्स्टर या जुन्या कॅथॉलिक शहरांत, सेंट लँबर्टच्या चर्चमध्यें, धर्माध्यक्ष क्लेमेन्स आउगुस्ट फॉन गालेन प्रवचनासाठीं उभे राहिले. हिटलरचीं सैन्यें त्या वेळीं रशियांत खोलवर शिरलीं होतीं. आणि सरकारविरुद्ध उघड बोलणें म्हणजे छळछावणीची वाट धरणें, हें लहानथोरांस ठाऊक होतें. अशा काळीं या धर्मगुरूनें भर सभेंत सांगितलें कीं, राज्याच्या संमतीनें निरपराध रोग्यांचे खून होत आहेत.

हा प्रकार एकाएकीं उद्भवला नव्हता. कार्ल बिंडिंग हा कायदेपंडित व आल्फ्रेड होखे हा मनोविकारवैद्य, या दोघांनीं १९२० सालीं एक पुस्तिका प्रसिद्ध करून असें प्रतिपादन केलें होतें कीं, कांहीं जीवितें जगण्याच्या योग्यतेचींच नसतात व त्यांचा अंत करण्यास कायद्यानें मुभा असावी. १९३३ सालीं नाझी पक्ष सत्तेवर येतांच आनुवंशिक रोग्यांच्या सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा झाला. पुढें १९३९ च्या ऑक्टोबरांत हिटलरनें एका पत्रावर सही केली आणि त्यावर युद्धारंभाची, म्हणजे १ सप्टेंबर ही, तारीख घातली. असाध्य ठरविलेल्या रोग्यांना ‘दयामृत्यु’ देण्याचा अधिकार त्या पत्रानें निवडक डॉक्टरांस मिळाला.

बर्लिनच्या टियरगार्टन रस्त्यावरील ४ क्रमांकाच्या घरांतून हा कारभार चाले, म्हणून पुढें त्याला ‘टी-४’ हें नांव पडलें. वेड्यांच्या इस्पितळांकडून प्रत्येक रोग्याच्या माहितीचा छापील तक्ता भरून घेत. रोगी कोणतें काम करूं शकतो, हा त्यांतील एक महत्त्वाचा प्रश्न असे. रोग्यास न पाहतां, केवळ तक्ता वाचून, तज्ज्ञ आपला शेरा मारीत. मग मोटारगाड्या येत आणि निवडलेलीं माणसें घेऊन जात. हाडामार, हार्टहाइम, ग्राफेनेक अशा एकूण सहा ठिकाणीं त्यांना विषारी वायूनें मारण्यांत येई. घरीं पोंचे तो खोट्या आजाराचें नांव घातलेला मृत्यूचा दाखला आणि रक्षेचा कलश. या खात्याच्या स्वतःच्याच हिशेबाप्रमाणें १९४१ च्या ऑगस्टअखेर ७०,२७३ माणसें अशीं मारलीं गेलीं.

इतकी मोठी गोष्ट गुप्त राहणें शक्य नव्हतें. ज्याचें आंत्रपुच्छ पूर्वींच काढून टाकलें होतें, तो आंत्रपुच्छाच्या दाहानें मेला, असे दाखले लोकांच्या हातीं पडूं लागले. हाडामारच्या परिसरांतील शाळकरी मुलेंदेखील त्या मोटारींस खुनाची पेटी म्हणत, असें लिंबुर्गच्या धर्माध्यक्षांनीं १३ ऑगस्ट १९४१ रोजीं न्यायमंत्र्यांस लिहिलें. वुर्टेंबर्गचे प्रॉटेस्टंट धर्माध्यक्ष टेओफिल वुर्म यांनीं १९४० च्या जुलैंतच गृहमंत्र्यांकडे निषेध नोंदविला होता. परंतु हा सारा पत्रव्यवहार बंद लिफाफ्यांतला होता.

गालेन यांनीं तो लिफाफा फोडला. खुनाचा बेत कळला असतां तो अधिकाऱ्यांस कळविणें हें जर्मन दंडसंहितेप्रमाणें प्रत्येकाचें कर्तव्य होतें. त्या कलमाचा आधार घेऊन त्यांनीं २८ जुलै रोजीं सरकारी वकिलाकडे रीतसर फिर्याद दिली. कांहींच झालें नाहीं, तेव्हां त्यांनीं ती हकीकत व्यासपीठावरून वाचून दाखविली.

त्यांचा युक्तिवाद वेस्टफालियांतील शेतकऱ्यासही कळेल असा सरळ होता. जुनें यंत्र मोडींत काढतात, लंगडा घोडा वा भाकड गाय मारतात. पण माणूस हें यंत्र नव्हे, जनावरही नव्हे. जो उत्पादन करीत नाहीं त्याला मारावें हें तत्त्व एकदां मान्य केलें, तर काबाडकष्टांनीं खंगलेल्या वृद्धांचें काय? रणांगणावरून पंगु होऊन परतणाऱ्या सैनिकांचें काय? मग डॉक्टरावर विश्वास तरी कोण ठेवील?

या प्रश्नांमागें ख्रिस्ती धर्माची एक मूळ धारणा उभी होती. मनुष्य ईश्वराच्या प्रतिमेंत निर्माण झाला. त्याचें मोल त्याच्या बळांत, बुद्धींत वा कमाईंत नाहीं. जीवित ही ईश्वराची देणगी असल्यामुळें तें हिरावण्याचा अधिकार राज्यास नाहीं. इतकेंच नव्हे, तर आजारी व उपाशी माणसाची केलेली सेवा ही आपलीच सेवा होय, असें ख्रिस्तानें शिकविलें. मग ज्याला ‘निरुपयोगी’ म्हणावयाचें, तोच या धर्माच्या दृष्टीनें सर्वांत पूज्य ठरतो.

प्रवचनाच्या नकला हातोहात देशभर, आघाडीवरील सैनिकांपर्यंतही, गेल्या. गालेन यांना फांशी द्यावें अशी सूचना पक्षांत निघाली; पण वेस्टफालिया बिथरेल या भयानें सूड युद्धानंतरवर टाकण्यांत आला. किंमत इतरांनीं दिली. हीं प्रवचनें वांटणारे ल्यूबेकचे तीन कॅथॉलिक धर्मगुरु आणि एक ल्यूथरपंथी पाद्री यांचा १० नोव्हेंबर १९४३ रोजीं हँबुर्ग येथें शिरच्छेद झाला.

२४ ऑगस्ट १९४१ रोजीं हिटलरनें ही योजना थांबविली. ठरविलेला आंकडा तोंवर पुरा झाला होता, हेंही त्याचें एक कारण असावें. तथापि लोकांतील अस्वस्थतेचा वांटा मोठा होता. हत्या मात्र थांबल्या नाहींत. इस्पितळांतूनच उपासमारीनें व औषधांच्या मात्रांनीं त्या १९४५ पर्यंत चालू राहिल्या. आणि टी-४ मधील कित्येक माणसें पोलंडांतील बेल्झेक, सोबिबोर व ट्रेब्लिंका येथें ज्यूंच्या संहारासाठीं पाठविलीं गेलीं. त्या संहाराविरुद्ध गालेन व्यासपीठावरून असे स्पष्ट बोलले नाहींत. ते सरदार घराण्यांतले, राष्ट्राभिमानी गृहस्थ. रशियावरील स्वारीचे ते समर्थकच होते. त्यांनीं मांडलेल्या तत्त्वाची व्याप्ति त्यांच्या वाणीपेक्षां मोठी होती.

१९४६ च्या फेब्रुवारींत ते कार्डिनल झाले आणि २२ मार्चला निवर्तले. २००५ सालीं रोमनें त्यांना धन्य घोषित केलें. त्यांचें स्मरण करावयाचें तें निर्दोष पुरुष म्हणून नव्हे. माणसाला काय काम येतें, असा छापील तक्त्यांत एक रकाना होता; त्या रकान्यावरून त्याच्या जगण्याचा निर्णय करण्याचा अधिकार कोणासही नाहीं, हें त्यांनीं बोलणें धोक्याचें असतांना मोठ्यानें सांगितलें, म्हणून.