प्रीॲम्प्लिफायरवरील पूरक नियंत्रणे

प्रीॲम्प्लिफायरवरील पूरक नियंत्रणे : स्टिरिओ संचात रेकॉर्ड प्लेयर, टेप डेक, ट्यूनर किंवा सीडी प्लेयरकडून आलेला संकेत पॉवर ॲम्प्लिफायरकडे जाण्याआधी प्रीॲम्प्लिफायरमधून जातो. स्रोत निवडण्याचा खटका आणि आवाजाचा नॉब एवढ्यावर त्याचे मूळ काम भागते. त्याखेरीज पुढच्या-मागच्या पट्टीवर जे काही असते (बेस, ट्रेबल, बॅलन्स, मोनो, लाउडनेस, फिल्टर, टेप मॉनिटर, रेकॉर्डच्या इक्वलायझेशनची निवड, कार्ट्रिजचा भार, पोलॅरिटी) ते सारे पूरक. हौशी श्रोते ही नियंत्रणे दोन कामांना लावतात. मुद्रणातला, खोलीतला किंवा उपकरणातला नेमका दोष कमी करणे हे पहिले. संचाची जुळणी तपासणे हे दुसरे. माहितीपुस्तिकांत दुसऱ्या कामाचा उल्लेख क्वचितच सापडतो, पण या बटणांची खरी किंमत तिथेच कळते.

इतिहास : 1948 मध्ये अमेरिकेत कोलंबियाने एलपी आणली, तेव्हा प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने रेकॉर्ड कापत असे. त्यामुळे त्या काळच्या चांगल्या प्रीॲम्पवर मंद्र आणि तार भागांची भरपाई निवडण्याचे स्वतंत्र नॉब असत. सॉल मरँट्झ यांचे 1950 च्या दशकाच्या आरंभीचे ‘ऑडिओ कन्सोलेट’ हे याचे प्रसिद्ध उदाहरण. 1954 मध्ये अमेरिकी रेकॉर्ड उद्योगाने आरआयएए हा एकच वक्र मान्य केला आणि हे नॉब हळूहळू दिसेनासे झाले. बेस-ट्रेबलची आज रूढ असलेली मांडणी ब्रिटिश अभियंता पीटर बॅक्सँडल यांची. ती ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकाच्या ऑक्टोबर 1952 च्या अंकात आली. ऋण प्रतिभरणावर चालणाऱ्या या मंडलात नॉब मधोमध ठेवला की प्रतिसाद सपाट राहतो, आणि दोन्ही टोके हलवली तरी मधला, म्हणजे गायकीचा भाग फारसा ढळत नाही. 1958 च्या सुमारास स्टिरिओ रेकॉर्ड बाजारात आल्यावर बॅलन्सचा नॉब आणि चॅनेलांची जोडणी निवडणारा मोडचा खटका आला. मॅकिंतॉशच्या सी-22 या 1960 च्या दशकातील प्रीॲम्पवर साधा स्टिरिओ, उलटा स्टिरिओ, दोन्हींचा मोनो, फक्त डावा दोन्ही स्पीकरांत आणि फक्त उजवा दोन्ही स्पीकरांत अशा निवडी होत्या. 1967 च्या क्वाड 33 वर टोन नियंत्रणे एका दाबासरशी बाजूला सारणारे बटण होते. 1970 च्या दशकात ब्रिटनमध्ये वारे फिरले. नेमसारख्या कंपन्यांनी टोन नियंत्रणे काढूनच टाकली आणि संकेताचा मार्ग जितका आखूड तितका चांगला, असा विचार रुजला.

मोनो खटका : या सगळ्यांत सर्वाधिक उपयोगी, तरीही पुढे गाळला गेलेला खटका म्हणजे मोनो. जुन्या मोनो एलपीत आणि नेहमीच्या 78 फेऱ्यांच्या रेकॉर्डमध्ये संगीत असते ते खाचेच्या आडव्या हालचालीत. स्टिरिओ कार्ट्रिज मात्र खाचेच्या 45 अंशांत कललेल्या दोन्ही भिंती वेगवेगळ्या वाचते, त्यामुळे सुईची उभी हालचालही ती आवाजात बदलते. मोनो रेकॉर्डच्या उभ्या हालचालीत संगीत नसतेच. असते ती धूळ, झीज, टर्नटेबलची घरघर आणि वाकलेल्या रेकॉर्डचे हेलकावे. मोनोचा खटका दाबला की दोन्ही चॅनेलांची बेरीज होते, आडवा भाग टिकतो आणि उभा भाग परस्परांना छेदून नाहीसा होतो. खरखर लक्षात येण्याइतकी उतरते आणि दोन स्पीकरांच्या मध्ये पसरलेला आवाज एका जागी घट्ट बसतो. मोनो रेकॉर्ड स्टिरिओत ऐकण्यात काही विशेष शुद्धता नाही. त्यात फक्त गोंगाट जास्त आहे. सीडी आणि डिजिटल स्रोतांच्या काळात हा खटका अनेक महागड्या यंत्रांवरूनही गेला, आणि जुन्या रेकॉर्डी ऐकणाऱ्यांचे त्यात खरेच नुकसान झाले.

याच खटक्याने एक नेमकी चाचणी करता येते. मोनो रेकॉर्ड लावायची, एका चॅनेलची पोलॅरिटी उलटी करायची आणि मोनो दाबायचा. आता बेरजेऐवजी वजाबाकी होते. दोन्ही चॅनेल अगदी सारखे असतील तर गायकाचा आवाज जवळजवळ नाहीसा व्हायला हवा. बॅलन्स हलक्या हाताने फिरवत आवाज सर्वांत क्षीण होणारी जागा शोधली की कार्ट्रिजच्या दोन चॅनेलांतला फरक किती ते कळते. उरलेल्या आवाजात स, श ही व्यंजने खरखरीत ऐकू येत राहिली, तर सुई खाचेत तिरकी बसली आहे किंवा आर्मची जुळणी चुकली आहे असा संशय घ्यायचा. मग कार्ट्रिज किंचित डावी-उजवीकडे कलवून उरलेला आवाज आणखी कमी होतो का ते पाहायचे. पोलॅरिटीचा खटका नसेल तर हेडशेलवरच्या एका चॅनेलच्या दोन तारांची अदलाबदल करतात. रूढ संकेतानुसार उजव्याच्या तारा लाल व हिरवी, डाव्याच्या पांढरी व निळी. काही कार्ट्रिजांत एक पिन धातूच्या आवरणाला जोडलेली असते, तिथे अदलाबदल केल्यास गुणगुण वाढते, म्हणून चॅनेल विचारपूर्वक निवडावा आणि तारांना हात लावताना ॲम्प्लिफायर बंद ठेवावा. आणखी एक अट : बॅलन्सचा नॉब मोनो खटक्याच्या आधी असेल तरच ही युक्ती चालते. काही यंत्रांत तो नंतर असतो. तिथे बॅलन्स फिरवून फक्त स्पीकरांतली वाटणी बदलते.

रेकॉर्डचे इक्वलायझेशन : रेकॉर्ड कापताना मंद्र स्वर कमी करतात, नाहीतर खाच फार रुंद हेलकावते, आणि तार स्वर वाढवतात, म्हणजे ते पृष्ठभागाच्या खरखरीवर उठून राहतात. वाजवताना प्रीॲम्प याच्या नेमके उलट करतो. आरआयएए वक्राची वळणे 50, 500 आणि 2,122 हर्ट्‌झवर आहेत. 1,000 हर्ट्‌झच्या तुलनेत 20 हर्ट्‌झला सुमारे 19 डेसिबल वाढ आणि 10,000 हर्ट्‌झला जवळपास 14 डेसिबल घट होते. 1925 नंतरच्या विद्युत्-मुद्रित 78 फेऱ्यांच्या रेकॉर्डींना हा वक्र लागू पडत नाही. एचएमव्ही घराण्यातल्या अशा कित्येक रेकॉर्डींचे मंद्र वळण 250 ते 300 हर्ट्‌झच्या आसपास असते आणि तार स्वर वाढवलेलेच नसतात. त्या आरआयएएवर वाजवल्या तर आवाज जड आणि कोंदटलेला येतो, आणि दोष मात्र गायकाला किंवा जुन्या मुद्रणाला दिला जातो.

महाराष्ट्रातल्या रेकॉर्ड संग्राहकांना हा प्रश्न रोजचा आहे, कारण नाट्यसंगीत आणि ख्याल गायकीचा पहिला मोठा ठेवा 78 फेऱ्यांतच आहे. मिरजेत स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँ यांचेच उदाहरण घ्यावे. त्यांच्या 1905 च्या सुमाराच्या रेकॉर्डी भोंग्यासमोर गाऊन यांत्रिक पद्धतीने झाल्या. 1930 च्या दशकातल्या ओडियन रेकॉर्डी मायक्रोफोनवर झाल्या. पहिल्या प्रकाराला विद्युत् वक्रच नाही. भोंग्याने पकडलेला पल्लाही अरुंद असतो, तेव्हा 5,000 हर्ट्‌झच्या वरचा भाग स्क्रॅच फिल्टरने कापला तर गाण्याचे जवळजवळ काहीच जात नाही, खरखर मात्र बरीच जाते. दुसऱ्या प्रकाराला तोच फिल्टर लावला तर स्वराची धार बोथट होते. तिथे तो 7,000 किंवा 10,000 वर ठेवणे बरे. वक्र निवडण्याची सोय नसलेल्या साध्या प्रीॲम्पवर ट्रेबल बराच वर आणि बेस थोडा खाली घेऊन आरआयएएची अतिरिक्त भरपाई अंदाजे रद्द करता येते. ही तडजोडच आहे, पण ऐकायला पुष्कळ बरी. एलपीची सुई 78 च्या रुंद खाचेच्या तळाला घासते. त्यासाठी साधारण 65 ते 75 मायक्रोमीटर टोकाची वेगळी सुई लागते आणि तिची उणीव कोणत्याही नॉबने भरून येत नाही.

रेकॉर्डी संगणकावर उतरवणाऱ्यांनी लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की टेप आउट हा बहुतेक यंत्रांत आवाज आणि टोन नियंत्रणांच्या आधी निघतो. ट्रेबल कितीही फिरवला तरी उतरवलेल्या प्रतीत तो येत नाही. बऱ्याच यंत्रांत मोनोही येत नाही. जतनाच्या दृष्टीने हे चांगलेच आहे : कच्ची प्रत जशीच्या तशी ठेवावी, संस्कार तिच्या नकलेवर करावेत. टेप मॉनिटरचा मूळ उद्देश तीन हेडच्या डेकवर स्रोत आणि नुकतेच मुद्रित झालेले यांची तुलना करणे हा होता. आज त्या वाटेत स्वतंत्र इक्वलायझर जोडतात.

कार्ट्रिजचा भार : मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजसाठी 47 किलोओम हा रूढ भार, त्याच्या जोडीला केबल आणि प्रीॲम्प यांचे मिळून होणारे पिकोफॅरड महत्त्वाचे. कार्ट्रिजचे इंडक्टन्स 500 मिलिहेन्री आणि एकूण धारिता 300 पिकोफॅरड असेल तर विद्युत् अनुनाद सुमारे 13,000 हर्ट्‌झवर येतो, म्हणजे ऐकू येणाऱ्या पट्ट्यातच. धारिता निम्मी केली की तो 18,000 च्या पुढे सरकतो. झांज टोचते, व्हायोलिन किरटे वाटते अशी तक्रार असेल तर ट्रेबलला हात घालण्याआधी भार निवडण्याचा खटका पाहावा. मूव्हिंग कॉइलला भार फार कमी, बहुधा 100 ओमच्या आसपास, लागतो.

सबसॉनिक फिल्टर : टर्नटेबल फिरत असताना वूफरचा पडदा निःशब्द पुढे-मागे हलताना दिसला तर तो वाकलेल्या रेकॉर्डचा आणि आर्मच्या अनुनादाचा (साधारण 8 ते 12 हर्ट्‌झ) परिणाम. ऐकू न येणाऱ्या या हालचालीत ॲम्प्लिफायरची शक्ती वाया जाते, आणि भोक असलेल्या पेटीत त्या पडद्याला आवरणारे काही नसते. फिल्टर दाबावा.

लाउडनेस : फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्ये दाखवून दिले की आवाज कमी केला की कानाला मंद्र स्वर इतरांपेक्षा अधिक क्षीण होऊन ऐकू येतात. रात्री हळू ऐकताना तानपुऱ्याचा खर्ज हरवतो तो यामुळे. लाउडनेसचे बटण ती भरपाई करते, पण तिचे प्रमाण आवाजाच्या नॉबवर अवलंबून असते आणि नॉबला स्पीकरची संवेदनशीलता ठाऊक नसते. म्हणून भरपाई हवी तेवढीच करू देणारा फिरता नॉब सरस.

पोलॅरिटी : दोन्ही चॅनेलांची पोलॅरिटी एकत्र उलटवणारा खटका वादाचा विषय आहे. क्लार्क जॉन्सन यांनी 1988 मध्ये ‘द वूड इफेक्ट’ या पुस्तकात तिचा फरक ऐकू येतो असे आग्रहाने मांडले. एका मायक्रोफोनवरच्या साध्या मुद्रणात, विशेषतः तबल्याच्या आघातात, फरक जाणवू शकतो. अनेक मायक्रोफोनांच्या मिश्रणात योग्य बाजू ठरवणेच अवघड.

टोन नियंत्रणांचा वाद : ती संकेत मलिन करतात हा आक्षेप खराब बनावटीच्या यंत्रांबाबत खरा आहे. पण मुद्रणाच्या टेबलावर ज्या आवाजावर कैक इक्वलायझर फिरले आहेत, त्याला घरच्या एका नॉबने बाट लागतो असे मानणे पटत नाही. क्वाड 34 वरील टिल्ट हे नियंत्रण सबंध आवाज एका मध्यबिंदूभोवती किंचित उजळ किंवा उबदार करते. झगझगीत मुद्रणासाठी एवढा एक-दोन डेसिबलचा कल पुष्कळदा पुरतो. तुलना करताना दोन्ही वेळचा आवाज सारखा ठेवणे आवश्यक आहे, कारण जरासा मोठा आवाज नेहमीच अधिक चांगला भासतो.

निगा : न वापरलेले खटके आधी बिघडतात. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत चांदीचा मुलामा असलेले संपर्क काळवंडतात. एक चॅनेल मधूनच जाणे किंवा नॉब फिरवताना करकर येणे ही त्याची लक्षणे. वीज काढून प्रत्येक खटका अधूनमधून वीसेक वेळा पुढे-मागे करावा. तेवढ्याने भागले नाही तर विद्युत् संपर्कांसाठीचाच क्लीनर अगदी थोडा वापरावा. तेलकट घरगुती फवारा पोटेन्शिओमीटरच्या कार्बनपट्टीवर धूळ धरून ठेवतो.