सक्तीची किंमत

१९९७ च्या जानेवारीत 'राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६' या जुन्या कायद्यात दहा नवी कलमे घालण्यात आली. महामार्गासाठी जमीन कशी घ्यायची, ताबा किती दिवसांत घ्यायचा, पैसे कोणी ठरवायचे हे सगळे त्यांत आहे. त्यांपैकी शेवटचे कलम जेमतेम एका वाक्याचे. १८९४ च्या भूसंपादन कायद्यातील काहीही या संपादनाला लागू होणार नाही, एवढेच ते सांगते. ज्याच्या शेतातून रस्ता जाणार होता त्याला या वाक्याचा अर्थ पुढे निवाड्याचा कागद हातात पडल्यावर कळला. जुन्या कायद्याने जमिनीच्या किमतीवर मिळणारी तीस टक्के रक्कम नाहीशी झाली होती.

या रकमेला इंग्रजी कायद्यात 'सोलेशियम' म्हणतात, मराठीत सरकारी कागदांवर 'दिलासा रक्कम'. मराठी शब्द जरा फसवा आहे. दिलासा म्हटले की मेहेरबानीचा वास येतो. ही रक्कम मेहेरबानीची नाही. बाजारात आपण जमीन विकतो तेव्हा विकायची की नाही, कोणाला, कधी, केवढ्याला, हे आपण ठरवतो. सरकार संपादन करते तेव्हा यांतले काहीच आपल्या हाती राहत नाही. ही सक्ती केल्याबद्दल बाजारभावाच्या वर काही द्यावे, असे खुद्द १८९४ च्या कायद्याचे शब्द सांगतात. दिलासा रक्कम म्हणजे सक्तीची किंमत.

रस्त्यासाठी खाजगी जागा कायद्याने घेण्याची आपल्याकडची सुरुवात मुंबईची. १८३९ च्या अठ्ठाविसाव्या कायद्याने मुंबई आणि कुलाबा या बेटांवर सार्वजनिक रस्ते रुंद करण्यासाठी किंवा नवे काढण्यासाठी जागा घेता येऊ लागली. साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू होणारा पहिला कायदा १८५७ चा. त्यात कलेक्टरने मालकाशी बोलून रक्कम ठरवायची, पटले नाही तर प्रकरण लवादाकडे, आणि लवादाचा निर्णय अंतिम, अशी रीत होती. ती टिकली नाही. लवाद अपात्र असतात, प्रसंगी विकले जातात, आणि त्यांच्यावर दाद मागायला जागा नाही, अशा तक्रारी सरकारदरबारीच झाल्या. म्हणून १८७० च्या कायद्याने वाद दिवाणी न्यायालयात नेला. १८९४ च्या कायद्याने तीच वाट कायम ठेवली आणि बाजारभावावर पंधरा टक्के दिलासा दिला.

हा कायदा उदार होता असे मात्र कोणी समजू नये. १९२१ साली मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला, त्या वेळी जमीनमालकाला संपादनालाच हरकत घेण्याचा हक्क या कायद्यात नव्हता. किमतीबद्दल भांडता येत होते, जमीन घेण्याबद्दल नाही. तो हक्क १९२३ च्या दुरुस्तीने आला. १९८४ साली दिलासा पंधराचा तीस टक्के झाला. मधल्या काळात, १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून गेला. कायद्याच्या आधाराशिवाय कोणाची मालमत्ता घेता येणार नाही, एवढे तीनशे अ हे कलम उरले.

या साऱ्या कथेतले सर्वांत महत्त्वाचे पान नागपूरचे आहे, आणि महामार्गांवरच्या चर्चेत ते क्वचितच उलगडले जाते. नागपूर सुधार प्रन्यास १९३६ च्या स्वतःच्या कायद्याखाली जमिनी घेत असे. त्या कायद्याने मालकाला पंधरा टक्के दिलासा मिळत नसे. त्याच शहरात तीच जमीन सरकारने १८९४ च्या कायद्याखाली घेतली असती, तर मिळाला असता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९७२ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने दिलेला निकाल समजायला वकील लागत नाही. जमीन शाळेसाठी गेली की घरांसाठी, सरकारने घेतली की प्रन्यासाने, याने मालकाला काय फरक पडतो? त्याची जमीन दोन्हीकडे जाते. मग एका कायद्याने जास्त आणि दुसऱ्याने कमी देणे म्हणजे समानतेच्या हक्काचा भंग.

असा निकाल पंचवीस वर्षे पुस्तकात असताना १९९७ ची दुरुस्ती झाली. कारण सांगितले गेले ते विलंबाचे, आणि ते खोटे नव्हते. जुन्या कायद्याखाली संपादने वर्षानुवर्षे रेंगाळत. थोड्याच काळात सुवर्ण चतुष्कोनाचे काम हाती घेतले गेले. मुंबई-पुणे-सातारा-कोल्हापूर हा आपला रस्ता त्यातलाच. नव्या कलमांनी गाडी वेगात धावू लागली. राजपत्रात पहिली अधिसूचना, हरकतींसाठी एकवीस दिवस, मग दुसरी अधिसूचना. ती प्रसिद्ध झाली की जमीन त्या क्षणी केंद्र सरकारच्या मालकीची. पैसे तेव्हा ठरलेलेही नसतात. पण वेगाचा आणि तीस टक्क्यांचा संबंध काय? दिलासा दिल्याने एखाद्या रस्त्याला एक दिवस तरी उशीर झाला असता का? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला कुठे सापडलेले नाही.

दुसरा बदल कमी बोलला गेला. रक्कम पटली नाही तर दिवाणी न्यायालयाऐवजी आता लवाद, तोही केंद्र सरकारने नेमलेला. प्रत्यक्षात हा लवाद बहुधा जिल्हाधिकारी किंवा वरच्या पातळीवरचा महसूल अधिकारी असतो. म्हणजे १८५७ चा जो लवाद तेरा वर्षांत मोडीत काढावा लागला, तो एकशे चाळीस वर्षांनी सरकारी नोकराच्या रूपात परत आला. याने काय होते ते तमिळनाडूच्या एका प्रकरणात दिसले. सक्षम प्राधिकाऱ्याने जमिनीला चौरस मीटरला ४६ रुपये ५५ पैसे ते ८३ रुपये १५ पैसे असा दर दिला, लवाद असलेल्या जिल्हाधिकाऱ्यांनी तोच उचलून धरला. जिल्हा न्यायालयाने दर ६४५ रुपये केला. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की लवादाचा निवाडा न्यायालयाला रद्द करता येतो, बदलता येत नाही. त्या जमीनमालकांचे वाढीव पैसे मात्र त्या खटल्याच्या खास परिस्थितीमुळे न्यायालयाने काढून घेतले नाहीत.

आता बाजारभावाविषयी. हा भाव ठरतो आसपासच्या नोंदणीकृत खरेदीखतांवरून. मुद्रांक शुल्क वाचवण्यासाठी दस्तात किंमत कमी दाखवायची आणि उरलेले रोख द्यायचे, ही आपल्याकडची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. त्यातून संपादन आले की शेजाऱ्याने दहा वर्षांपूर्वी वाचवलेले शुल्क आपल्या निवाड्यातून वजा होते. शिवाय भूमी अभिलेखचा भूकरमापक संयुक्त मोजणीला येतो तेव्हा जमिनीवर एक चित्र असते आणि सातबाऱ्यावर दुसरे. आजोबांच्या नावाची नोंद तशीच, वाटण्या तोंडी झालेल्या, बहिणींची नावे कधी लागलीच नाहीत, विहीर शेतात आहे पण उताऱ्यावर नाही. कोकणात तर काही गुंठ्यांच्या तुकड्यावर पंचवीस-तीस नावे सहज निघतात. मग हिश्शांचा वाद न्यायालयात, पैसे तिथे जमा, आणि रस्ता मात्र तयार.

२०१३ चा नवा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ ला अमलात आला. त्याने दिलासा शंभर टक्के केला आणि ग्रामीण भागात बाजारभावाला दोनपर्यंतच्या गुणकाने गुणण्याची सोय केली. महामार्गांना हे मोबदल्याचे नियम लागू झाले १ जानेवारी २०१५ पासून. फरक आकड्यांत पाहू. समजा, एका एकराचा बाजारभाव दहा लाख रुपये आहे. व्याज वगैरे बाजूला ठेवले तर १९८४ नंतरच्या जुन्या कायद्याने तेरा लाख मिळाले असते. १९९७ ते २०१४ या काळात राष्ट्रीय महामार्गाला जमीन गेली तर दहा. २०१५ नंतर खेड्यात, दोनचा गुणक धरून, चाळीस. आणि नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गासाठी राज्याने थेट खरेदीचा रस्ता धरला, त्यात या रकमेवर आणखी पंचवीस टक्के, म्हणजे पन्नास. 'पाचपट मोबदला' हे शब्द गावोगाव ऐकू आले ते या हिशेबाने. ७०१ किलोमीटरच्या त्या रस्त्याच्या कडेला एका पिढीचे बंगले आणि गाड्या उभ्या राहिल्या, हे खरेच आहे. शक्तिपीठ महामार्गाला कोल्हापूर भागातल्या बागायतदारांनी केलेला विरोध पाहिला, तर पाचपटीनेही सगळे प्रश्न मिटत नाहीत हेही तितकेच खरे. विकायचीच नाही असे म्हणणाऱ्याला भाव सांगून काय उपयोग?

उरले ते मधल्या अठरा वर्षांतले लोक. पंजाबातल्या जमीनमालकांच्या प्रकरणात १९ सप्टेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १९९७ चे ते एका वाक्याचे कलम, दिलासा आणि व्याज नाकारण्यापुरते, घटनाबाह्य ठरवले. आधार मुख्यतः नागपूरच्या निकालाचा. न्यायमूर्ती नरिमन आणि सूर्यकांत यांनी नवे तत्त्व मांडलेच नाही, मांडायची गरजही नव्हती. पुढे महामार्ग प्राधिकरणाने विनंती केली की हा निकाल फक्त यापुढच्या संपादनांना लागू करावा. ४ फेब्रुवारी २०२५ रोजी न्यायालयाने ती फेटाळली. तसे केले, तर ३१ डिसेंबर २०१४ ला जमीन गेलेल्याला दिलासा नाही आणि दुसऱ्या दिवशी गेलेल्याला आहे, अशी स्थिती होईल, असे न्यायालयाने दाखवून दिले.

त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे. जी प्रकरणे कायमची निकाली निघाली आहेत ती पुन्हा उघडावीत, असा २०१९ च्या निकालाचा आदेश नव्हता. म्हणजे एकाच गटातून, एकाच अधिसूचनेने जमीन गेलेल्या दोन भावांपैकी जो लवादाकडे गेला, मग जिल्हा न्यायालयात गेला, वकिलाचे पैसे भरत वीस वर्षे तारखा घेत राहिला, त्याला तीस टक्के मिळतील. ज्याने निवाडा मान्य केला, सही केली, धनादेश बँकेत भरून मुलीचे लग्न केले, त्याचे प्रकरण संपलेले आहे.