गायक, श्रोता आणि मधले दार

गाणे ही माणसाला लाभलेली सहज देणगी आहे. परंतु आपले गाणे दूरच्या, अनोळखी माणसाच्या कानांपर्यंत पोहोचविणे ही गोष्ट गेल्या शतकात मुळीच सहज नव्हती. गायक आणि श्रोता यांच्यामध्ये एक दार होते आणि त्या दाराची किल्ली ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपन्यांच्या हाती होती. समाजमाध्यमांनी हे दार उघडले, असे आज सर्रास म्हटले जाते. ते कसे उघडले आणि किल्ली अखेर कोणाच्या हाती गेली, याचा थोडा मागोवा आम्ही येथे घेणार आहोत.

आपल्या देशात या कथेचा आरंभ नोव्हेंबर १९०२ मध्ये झाला. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आले आणि त्यांनी गौहर जान यांचे गायन मुद्रित केले. तबकड्या तयार होत त्या जर्मनीतील हॅनोव्हर शहरी. गाणे संपताच गौहर जान इंग्रजीत आपले नाव उच्चारीत. गायिका कोण हे तेथील तंत्रज्ञांना कळावे, यासाठी ही योजना होती असे सांगतात. पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत अनेक गोमंतकीय ख्रिस्ती वादकांनी आपली कला ओतली. त्यांच्या वाट्याला मात्र एवढेही आले नाही. तबकडीवर त्यांची नावे क्वचितच छापली जात. माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांचे नाव घराघरांत पोहोचले ते १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटातील गाण्यामुळे. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी गुरूला वाहिलेली ती मानवंदना होती. तरीही कित्येकांना ते नाव काल्पनिकच वाटले.

कंपन्यांकडे किल्ली का होती, हेही समजून घेतले पाहिजे. ध्वनिमुद्रणाची खोली, यंत्रे, तबकड्यांचा कारखाना, गावोगावचे विक्रेते आणि नभोवाणीशी असलेले संबंध हे सारे उभे करायला मोठे भांडवल लागे. कंपनी ते घाली, तोटाही सोशी. मोबदल्यात ध्वनिमुद्रणाची मालकी बहुधा तिच्याकडे राही आणि पाश्चात्त्य देशांतील रूढ करारांनुसार कलावंताला दिलेली उचल त्याच्याच हिश्श्यातून वसूल होई. ज्याचे गाणे खपणार नाही असे कंपनीला वाटे, त्याचे गाणे जगापुढे येतच नसे. १९८० च्या दशकात कॅसेट आली आणि भारतात ही मक्तेदारी प्रथम हलली. छोट्या उत्पादकांनी प्रादेशिक भाषांतील गाणी स्वस्तात बाजारात आणली. तरीही कॅसेट कारखान्यात भरावी लागे आणि दुकानातून विकावी लागे. दार किलकिले झाले होते, एवढेच.

ते सताड उघडले गेल्याची पहिली मोठी कथा इंग्लंडमधील शेफील्ड या शहराची आहे. चाकू-सुऱ्या आणि पोलाद यांसाठी प्रसिद्ध असलेले हे कष्टकऱ्यांचे शहर. तेथील हाय ग्रीन या उपनगरातील मित्रांनी २००२ मध्ये ‘आर्क्टिक मंकीज’ नावाचा वाद्यवृंद काढला. २००३ मध्ये त्यांचा पहिला कार्यक्रम शहरातील एका मद्यगृहात झाला. आपल्या गाण्यांच्या सीडी ते कार्यक्रमाच्या जागी फुकट वाटत. श्रोत्यांनी त्या घरी नेल्या, त्यांच्या नकला केल्या, गाणी इंटरनेटवरून एकमेकांना धाडली. ‘मायस्पेस’ हे समाजमाध्यम २००३ मध्येच सुरू झाले होते. त्यावर या वाद्यवृंदाचे पान उघडले ते चाहत्यांनी. वाद्यवृंदाला त्याची कल्पनाही नव्हती, असे पुढे त्यातील तरुणांनीच सांगितले. परिणाम असा झाला की, एकही तबकडी दुकानात नसताना परक्या शहरांतील श्रोते त्यांच्याबरोबर गाणी म्हणू लागले. कारण ती त्यांना आधीच पाठ झाली होती.

मग कंपन्या त्यांच्या दारी आल्या. २००५ मध्ये त्यांनी करार केला तो ‘डॉमिनो’ या छोट्या, स्वतंत्र संस्थेशी. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांचे गाणे ब्रिटनच्या विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर गेले. जानेवारी २००६ मध्ये निघालेल्या त्यांच्या पहिल्या संग्रहाच्या ३,६०,००० हून अधिक प्रती एका आठवड्यात खपल्या. ब्रिटनमध्ये तोवर कोणाच्याही पहिल्या संग्रहाची इतक्या वेगाने विक्री झालेली नव्हती. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्यांनी कंपनी टाळली नाही. कोणत्या कंपनीशी हातमिळवणी करायची, हे त्यांनी स्वतः ठरविले. श्रोते आधी जमले आणि करार मागाहून झाला. क्रमाच्या या उलथापालथीमुळेच कलावंताला वाटाघाटीचे बळ लाभले.

दुसरी कथा अमेरिकेतील शिकागोची. तेथील ‘चान्स द रॅपर’ या नावाने गाणाऱ्या तरुणाने शाळेतून दहा दिवसांसाठी काढले गेल्यानंतर आपला पहिला संग्रह रचला आणि २०१२ मध्ये तो इंटरनेटवर विनामूल्य ठेवला. २०१३ चा दुसरा संग्रहही त्याने तसाच दिला. उपजीविका चाले ती मुख्यतः कार्यक्रमांवर आणि छापील सदऱ्यांसारख्या वस्तूंच्या विक्रीवर. २०१६ मध्ये त्याचा ‘कलरिंग बुक’ हा संग्रह आला. त्यात कृष्णवर्णीयांच्या प्रार्थनामंदिरांतील समूहगानाचा ठसा स्पष्ट ऐकू येतो. तबकडी न काढता केवळ इंटरनेटवरून ऐकविलेल्या संगीतास ग्रॅमी पारितोषिकाची दारे तोवर बंद होती. त्याच वर्षी तो नियम बदलला. फेब्रुवारी २०१७ मध्ये चान्सला तीन ग्रॅमी पारितोषिके मिळाली. मात्र हा संग्रह पहिले दोन आठवडे केवळ आपल्याकडे राहावा, यासाठी अ‍ॅपल कंपनीने त्याला ५ लाख डॉलर दिले होते, हे त्याने स्वतःच नंतर जाहीर केले. पाठबळ कोणाचे ना कोणाचे लागतेच. फरक इतकाच की, आपल्या गाण्यांची मालकी त्याने विकली नाही.

परंतु सर्वांच्या नशिबी ग्रॅमी नसते. सामान्य कलावंताला कीर्तीपेक्षा घरखर्चाची चिंता अधिक. जॅक कॉन्टी या अमेरिकन संगीतकाराची ध्वनिचित्रे यूट्यूबवर असंख्य लोक पाहत. जाहिरातींतून त्याच्या पदरात पडे ते अत्यल्प. म्हणून २०१३ मध्ये त्याने सहकाऱ्यासह ‘पेट्रिऑन’ ही व्यवस्था उभारली. येथे चाहते आपल्या आवडत्या कलावंताला दरमहा ठरावीक वर्गणी देतात. लाखो उडत्या नजरांपेक्षा काही शेकडा निष्ठावंत श्रोते अधिक आधार देतात, हे त्यातून दिसून आले.

आता या कथेची दुसरी बाजू पाहू. ज्या मायस्पेसवर हजारो तरुणांनी आपली पहिली गाणी विश्वासाने ठेवली होती, त्या संस्थेने मार्च २०१९ मध्ये कबूल केले की, सर्व्हर बदलताना २०१५ पर्यंतची गाणी नष्ट झाली आहेत. ५ कोटींहून अधिक गाणी गेली, असे वृत्तपत्रांतून आले. त्यांपैकी पाच लाखांच्या आसपास गाणी पुढे परत मिळाली. तीही कंपनीच्या कृपेने नव्हे, तर काही अभ्यासकांनी पूर्वी आपल्या कामासाठी प्रती काढून ठेवल्या होत्या म्हणून! २९ जून २०२० रोजी भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि त्यावर नावारूपास आलेल्यांचा श्रोतृवर्ग एका रात्रीत दिसेनासा झाला. २०२४ पासून स्पॉटिफायवर वर्षभरात १००० पेक्षा कमी वेळा ऐकले गेलेले गाणे ध्वनिमुद्रणाच्या मानधनास पात्र ठरत नाही. दार उघडे आहे खरे. पण चौकट दुसऱ्याची आहे आणि तो तिचे नियम केव्हाही बदलू शकतो.

आज वसईपासून गोव्यापर्यंत आपल्या घरांतील मुले-मुली भ्रमणध्वनीवर गाणी मुद्रित करतात, बोलीभाषेतील लग्नगीते यूट्यूबवर ठेवतात. त्यांना नाउमेद करण्याचे काहीच कारण नाही. त्यांच्या आजोबांना जी संधी नव्हती ती त्यांना लाभली आहे. वडीलधाऱ्यांनी त्यांना तीन गोष्टी मात्र आवर्जून सांगाव्यात. गाण्याची मूळ प्रत स्वतःच्या घरी जतन करावी. कवी, चाल बांधणारा, वादक आणि जिच्या तोंडून जुने गीत मिळाले ती आजी, या सर्वांची नावे त्यासोबत लिहावीत. आणि वाचल्याविना कोणत्याही करारावर सही करू नये.

शेफील्डच्या तरुणांना माध्यमाने श्रोत्यांपर्यंत नेले. पण त्यांची गाणी पाठ केली ती माणसांनी. मायस्पेसवरची थोडीफार गाणी वाचली, तीही कोणा माणसाने जपून ठेवली होती म्हणूनच. गौहर जान यांनी तबकडीच्या अखेरीस आपले नाव सांगितले, त्याला आता सव्वाशे वर्षे होत आली. आपल्या मुलांच्या गाण्यांवर त्यांची आणि त्यांच्या साथीदारांची नावे राहतील की नाही, हे आज पुष्कळसे आपल्याच हाती आहे.