हृदयाचें भाकीत आणि किरणांची साक्ष

नाडी धरून बसलेल्या वैद्याच्या मुद्रेकडे घरांतील सर्व मंडळी जीव मुठींत धरून पाहत आहेत, हें चित्र आमच्या वाचकांस अपरिचित नाहीं. रोग कोणता, यापेक्षां पुढें काय होणार, हाच प्रश्न त्या डोळ्यांत अधिक असतो. हृद्रोगाच्या बाबतींत या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर मिळविण्यासाठीं शास्त्रज्ञांनीं किरणोत्सर्गी द्रव्यांचें साह्य कसें घेतलें, याचा इतिहास आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों. त्या उत्तराचें मोल किती, याचाही विचार शेवटीं करूं.

इ. स. १८१६ मध्यें लेनेक या फ्रेंच वैद्यानें छातींतील ध्वनि ऐकण्याची नळी शोधून काढली. विसाव्या शतकाच्या आरंभीं आइन्थोवेन यानें हृदयाच्या विजेचा आलेख काढून दाखविला. हृदयाचा आवाज कळूं लागला, त्याची वीज कळूं लागली. परंतु हृदयाच्या स्नायूस स्वतःला पुरेसें रक्त मिळतें कीं नाहीं, हें प्रत्यक्ष दाखविणारें साधन नव्हतें. पंगतींत सर्वांस वाढणाऱ्या गृहिणीच्या स्वतःच्या पानांत काय पडलें, याची विचारपूस शेवटीं व्हावी, तसाच हा प्रकार झाला.

या शोधाची वाट दुसऱ्याच दिशेनें आली. इ. स. १९१३ च्या सुमारास हेवेशी यानें असें दाखवून दिलें कीं, किरणोत्सर्गी पदार्थाचा अल्पसा अंश दुसऱ्या पदार्थांत मिसळला, तर त्याच्या किरणांवरून त्या पदार्थाचा मार्ग हुडकतां येतो. रानांत पाऊलखुणांवरून माग काढणारा मागकाढ्या असतो, तसेंच काम हे किरण करतात. हीच युक्ति बोस्टन येथील हर्मन ब्लुमगार्ट या डॉक्टरानें मनुष्याच्या रक्तास लावली. रेडियमपासून होणारें ‘रेडियम सी’ नांवाचें द्रव्य त्यानें एका हाताच्या शिरेंत टोंचून घातलें, आणि दुसऱ्या हाताच्या धमनीवर किरण पारखणारें यंत्र ठेवून तें द्रव्य तेथें केव्हां पोंचतें, तें मोजलें. सोमा वाइस प्रभृति सहकाऱ्यांसह त्यानें इ. स. १९२७ मध्यें हे प्रयोग प्रसिद्ध केले. निरोगी माणसांत या प्रवासास सरासरीनें सुमारें १८ सेकंद लागत; हृदय थकलेल्या रोग्यांत याहून बराच अधिक वेळ लागे. चित्र असें कोणतेंच नव्हतें. केवळ घड्याळ होतें. परंतु हृदयाच्या दुर्बलतेस आकडा मिळाला.

इ. स. १९४८ मध्यें प्रिन्झमेटल यानें किरणोत्सर्गी सोडियम टोंचून छातीवर गणक यंत्र ठेवलें, तेव्हां कागदावर दोन लाटा उमटल्या: एक उजव्या हृदयाची, दुसरी डाव्याची. पुढें हॅल अँगर यानें इ. स. १९५८ मध्यें असा कॅमेरा प्रसिद्ध केला कीं, जो शरीरांतून येणारे किरण एका मोठ्या स्फटिकावर झेलून त्यांचें चित्र तयार करी. आतां चित्रासाठीं योग्य द्रव्य हवें होतें. पेरिए व सेग्रे यांनीं इ. स. १९३७ मध्यें शोधलेलें टेक्नेशियम हें मूलद्रव्य येथें कामास आलें. त्याच्या ज्या प्रकाराचा वैद्यकांत उपयोग होतो, त्याचें तेज सहा तासांत निम्मे होतें, म्हणून रोग्याच्या अंगीं तें फार काळ राहत नाहीं. तें मोलिब्डेनमपासून रुग्णालयांतच रोजच्या रोज काढतां येऊं लागलें. या उपकरणास कामकरी मंडळी गंमतीनें गाय म्हणत व द्रव्य काढण्यास दूध काढणें म्हणत. आपल्याकडे मुंबईनजीक तुर्भे येथें ४ ऑगस्ट १९५६ रोजीं अप्सरा अणुभट्टी चालूं झाली, आणि इ. स. १९६३ मध्यें परळ येथें किरणोत्सर्गी वैद्यकाचें केंद्र निघालें, हेंही येथें नमूद केलें पाहिजे.

इ. स. १९७३ मध्यें झॅरेट व त्याचे सहकारी यांनीं किरणोत्सर्गी पोटॅशियम वापरून श्रमाच्या वेळचें व विश्रांतीचें, अशीं हृदयाचीं दोन चित्रें ताडून पाहिलीं. पोटॅशियमची जागा लवकरच थॅलियमनें घेतली. विश्रांतींत रक्त पुरत असतां श्रमांत तें एखाद्या भागास अपुरें पडलें, तर तो भाग पहिल्या चित्रांत फिका दिसतो आणि विश्रांतीनंतरच्या चित्रांत भरून येतो. जो भाग दोन्ही वेळां फिकाच राहतो, तेथें बहुधा जुना व्रण असतो. पंगत मोठी झाली म्हणजेच गृहिणीच्या पानाची ओढाताण दिसून येते, तसेंच हें!

आणि येथूनच भाकिताचा आरंभ झाला. हजारों रोग्यांचा पुढील वर्षांचा वृत्तांत ताडून पाहतां असें आढळलें कीं, ज्यांचें चित्र सर्वस्वीं निर्दोष, त्यांच्यापैकीं वर्षास सुमारें शेंकडा एकाहूनही कमी जणांस मृत्यु किंवा हृदयाचा झटका येतो. फिका भाग जितका मोठा, तितका धोका अधिक. मात्र वृद्ध व मधुमेही यांस हें आश्वासन इतकें पक्कें नाहीं. शिवाय, चित्र एका भागाची दुसऱ्याशीं तुलना करतें. म्हणून तिन्ही प्रमुख वाहिन्या सारख्याच अरुंद झाल्या, तर सर्वच भाग सारखे दिसून चित्र फसवूं शकतें.

याहून मोठा धडा पुढेंच मिळाला. धोका दिसला, तेव्हां वाहिनी उघडलीच पाहिजे, असें अनुमान सहज निघे. तें इ. स. २०२० मध्यें प्रसिद्ध झालेल्या ‘इस्किमिया’ नामक चांचणीनें कसोटीस लावलें. श्रमपरीक्षेंत मध्यम वा तीव्र दोष दिसलेल्या, पण प्रकृति स्थिर असलेल्या ५,१७९ रोग्यांपैकीं कांहींस आरंभींच वाहिन्यांचे उपचार, व इतरांस प्रथम केवळ औषधें व पथ्य दिलें. सुमारें ३.२ वर्षांत मृत्यु व झटके यांच्या एकूण प्रमाणांत पहिल्या मार्गानें लक्षणीय घट झाली नाहीं. छातींतील कळ मात्र, जिला ती वारंवार होई, तिला अधिक आराम मिळाला. डाव्या मुख्य वाहिनीच्या गंभीर विकाराचे रोगी या चांचणींत नव्हते, हें ध्यानीं ठेवावें.

तात्पर्य, धोका ओळखणें निराळें आणि तो टाळण्याचा उपाय निराळा. किरणांची साक्ष खरी आहे. परंतु ती निकाल नव्हे. घरांतील वडील माणसाचें असें चित्र हातीं पडलें, म्हणजे मंडळींनीं त्याकडे कुंडलीप्रमाणें पाहूं नये. चित्र काय सांगतें, काय सांगत नाहीं, आणि त्यावरून कोणतें पाऊल खरोखर हिताचें, हें डॉक्टरांस धीरानें विचारावें. वैद्याच्या मुद्रेकडे पाहणाऱ्या त्या डोळ्यांना शंभर वर्षांच्या या इतिहासानें दिलेलें सर्वांत मोठें देणें तेंच होय, असें आम्हांस वाटतें.