व्यापारी बँकिंगमधून गुंतवणूक बँकिंग व प्रायव्हेट इक्विटीत संक्रमण

व्यापारी बँकेत कर्जव्यवहार हाताळणाऱ्या अधिकाऱ्याने कंपन्यांना भांडवल उभारून देण्याच्या किंवा त्यांच्या भागभांडवलात थेट गुंतवणूक करण्याच्या व्यवसायात प्रवेश करणे. पहिला व्यवसाय गुंतवणूक बँकिंग, तर दुसरा प्रायव्हेट इक्विटी म्हणून ओळखला जातो. भारतात अशा संक्रमणाचे प्रमुख केंद्र मुंबई आहे.

पार्श्वभूमी : अमेरिकेत १९३३ च्या ग्लास-स्टीगल कायद्याने ठेवी घेणाऱ्या बँका आणि रोखेविक्रीचा व्यवसाय वेगळे केले, १९९९ मध्ये दोहोंना एका समूहात राहण्याची मुभा मिळाली. भारतात मात्र गुंतवणूक बँकिंगचा व्यवसाय बँकांच्याच घरात वाढला. ग्रिंडलेज बँकेने १९६७ मध्ये ‘मर्चंट बँकिंग’ या नावाने तो सुरू केला. स्टेट बँकेने १९८६ मध्ये एसबीआय कॅपिटल मार्केट्स ही उपकंपनी काढली. पुढे भांडवल बाजाराची नियामक संस्था सेबीने १९९२ मध्ये मर्चंट बँकर्ससाठी आणि २०१२ मध्ये पर्यायी गुंतवणूक निधींसाठी (यांत प्रायव्हेट इक्विटी निधीही येतात) नियमावली आणली. हा व्यवसाय बँकांनीच वाढवल्यामुळे बँकेच्या कर्ज विभागातून समूहातीलच उपकंपनीत जाणे हा भारतातील जुना मार्ग आहे.

दृष्टिकोनातील फरक : समजा, बँकेने एका कंपनीला दहा टक्के व्याजाने १०० कोटी रुपये कर्ज दिले आणि एका प्रायव्हेट इक्विटी निधीने तेवढ्याच रकमेत तिचा २५ टक्के हिस्सा घेतला. पाच वर्षांनी कंपनीचे मूल्य १,००० कोटी झाले, तर निधीच्या हिश्श्याचे २५० कोटी होतात, म्हणजे वर्षाला सुमारे २० टक्के परतावा. बँकेला मिळते ते ठरलेले व्याज आणि मुद्दल. उलट कंपनी बुडाली, तर बँकेकडे तारण असते आणि भागधारकाचा नंबर सर्वांत शेवटी लागतो. म्हणून कर्ज अधिकारी हप्ता कशातून फिटेल हे पाहतो, तर गुंतवणूकदार व्यवसाय किती वाढेल आणि आपला हिस्सा पुढे कोण, किती किमतीला घेईल याचा हिशेब मांडतो.

उपयोगी पडणारी कौशल्ये : कॅश क्रेडिट खात्याच्या स्टॉक स्टेटमेंटमधला माल गोदामात खरोखर आहे का, त्यातला किती पडून राहिलेला आहे, येणी किती जुनी आहेत, विक्री वाढूनही रोकड का येत नाही, ही तपासणी बँकेत रोजची असते. गुंतवणुकीपूर्वीच्या ड्यू डिलिजन्समध्ये हीच नजर कामी येते. प्रवर्तकाची नियत आणि अडचणीच्या काळातले त्याचे वागणे ओळखण्याचा सराव हीदेखील मोठी जमेची बाजू आहे.

नव्याने शिकण्याच्या गोष्टी : कंपनीचे मूल्यांकन, आर्थिक मॉडेल, टर्म शीट (प्राथमिक अटींचा मसुदा), भागधारक करार आणि गुंतवणुकीतून बाहेर पडण्याचे मार्ग. कंपनी ताब्यात घेण्यासाठी कर्ज देण्यावर भारतीय बँकांवर दीर्घकाळ कडक निर्बंध राहिल्याने अशा व्यवहारांचा अनुभव त्यांच्या अधिकाऱ्यांना सहसा मिळाला नाही. कंपन्यांना कर्ज देणारे खाजगी निधी हा त्यामुळे सोयीचा मधला टप्पा ठरतो, कारण तिथे पतपरीक्षणाला थेट किंमत असते. किरकोळ कर्जे वा शाखा व्यवस्थापनातून येणाऱ्यापेक्षा कॉर्पोरेट किंवा प्रकल्प कर्ज विभागातल्या अधिकाऱ्याला ही वाट जवळची पडते.

उदाहरणे : मुंबईच्या व्हीजेटीआयमधून वस्त्र अभियांत्रिकी शिकलेल्या रेणुका रामनाथ यांनी आयसीआयसीआय समूहातील दीर्घ सेवेत आयसीआयसीआय व्हेंचरचे नेतृत्व केले आणि २००९ मध्ये मल्टिपल्स ही गुंतवणूक संस्था स्थापन केली. एचडीएफसी बँकेचे आदित्य पुरी २०२० मध्ये निवृत्तीनंतर कार्लाइल या गुंतवणूक समूहाचे वरिष्ठ सल्लागार झाले.

मर्यादा : निधींमधील कनिष्ठ जागा बहुधा गुंतवणूक बँका आणि सल्लागार संस्थांतील तरुणांना मिळतात, म्हणून वाट लवकर बदललेली बरी. नफ्यातील वाटा, म्हणजे कॅरी, हे मोठे आकर्षण असले तरी तो गुंतवणुका विकून नफा झाल्यावरच हाती येतो, आणि त्याला अनेक वर्षे लागतात. केवळ झटपट कमाईसाठी केलेला बदल म्हणूनच टिकत नाही. तरीही वाढीच्या मोहात पडलेल्या गुंतवणूक समितीत ‘हे पैसे परत कसे येणार?’ असे ठामपणे विचारणारा माणूस लागतो, आणि तो घडवण्याचे काम चांगला कर्ज विभाग करतो. ही सवय न सोडता मूल्यनिर्मितीचा विचार शिकणे, हेच यशस्वी संक्रमणाचे मर्म होय.